दुसऱ्या बाजूची केबल

रुग्णालयातले सगळे एक्स-रे आणि स्कॅन ज्या लोखंडी कपाटातल्या संगणकात साठत, त्याला सगळे 'पेटारा' म्हणत. पेटाऱ्यात जागा मुबलक होती, पण फोटो बाहेर यायला अर्धं मिनिट लागे. तोवर डॉक्टर पडद्याकडे बघत बसत आणि पेशंट डॉक्टरांकडे. पेटाऱ्याच्या पाठीमागे नेटवर्कची दोन मॉड्यूल होती, म्हणजे फोटोंना बाहेर पडायची दोन दारंच म्हणा ना. ती आता थकली होती. त्यांच्या जागी नवी, वेगवान बसवायची होती.

"एक दिवस सगळं बंद ठेवू," अधीक्षक म्हणाले. "चाळीस पेशंटना पुढची तारीख देऊ."

संगणक विभाग सांभाळणाऱ्या ताईंना ते पटेना. चाळीसातले निम्मे लांबून येणारे. "बंद कशाला? एक दार बदलताना भार दुसरं वाहील. मिनिटभरही पडदा काळा होणार नाही, माझा शब्द."

"ऑपरेशनच्या मधोमध फोटो गेला तर तुमचा शब्द लावू का पडद्यावर?" हाडांचे डॉक्टर म्हणाले. ते वाक्य ताईंना बोचलं, पण अधीक्षकांनी होकार दिला.

ठरल्या दिवशी सकाळी कंपनीचा इंजिनिअर आला. पेटाऱ्यामागे वाकून म्हणाला, "दोन्ही दिवे हिरवे आहेत, ताई. काढू पहिलं?"

"थांब जरा."

विसाव्या वर्षी ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागल्या होत्या. तिथल्या मुख्य बाई मोठ्या कडक. लाइन नीट झाली असं कुणी सांगितलं, की त्या विचारत, "तू बोललीस का तिच्यावर? दिवा दिसला म्हणजे घरात माणूस असतोच असं नाही." ते बोलणं ताईंच्या हाडीमाशी खिळलं होतं.

"पहिलं जागेवरच राहू दे. फक्त माझ्या टेबलावरच्या संगणकाचा रस्ता दुसऱ्या दाराने वळव."

"अहो ताई, दिवा हिरवा आहे की."

"त्याचं काय, वीज मिळाली की तो हसतो."

इंजिनिअरने रस्ता वळवला. ताईंनी एक जुना एक्स-रे मागवला. पडद्यावर चकती गरगरत राहिली. फोटो काही आला नाही.

दोघं दुसऱ्या दाराच्या केबलचा माग काढत निघाले. ती कपाटावरून छताला गेली, भिंतीमागून उतरली आणि कोपऱ्यातल्या एका जुन्या, रंगाचे शिंतोडे उडालेल्या जोडपेटीत शिरली. पेटीला वीज होती, म्हणून दिवा हिरवा. पण पेटीतून पुढे कुठलीच तार जात नव्हती. इथंच घोडं पेंड खात होतं.

"रंगाऱ्यांचे प्रताप," इंजिनिअर म्हणाला.

दोन वर्षांपूर्वी भिंत रंगवताना ती केबल ताईंनीच तिथे खोचली होती, दोन दिवसांपुरती. ते फक्त त्यांनाच ठाऊक होतं, आणि रंगारी काही साक्ष द्यायला येणार नव्हते.

"त्यांना कशाला बोल लावतोस? हे माझंच काम आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी अधीक्षकांना फोन लावला. "साहेब, दोन वर्षं आपण एका पायावर उभे आहोत. चूक माझी."

"मग आज राहू द्यायचं?" अधीक्षकांनी विचारलं.

"तासभर द्या. केबल नीट करते आणि तुमच्यासमोर फोटो उघडून दाखवते. नाही उघडला तर तुम्ही म्हणाल तसं."

अधीक्षक स्वतः खाली आले, हाताची घडी घालून उभे राहिले. केबल योग्य जागी बसली. ताईंनी एक्स-रे मागवला. तो आला. मग दुसरा, तिसरा, दहावा.

"करा," एवढंच म्हणून ते गेले.

पहिलं मॉड्यूल निघालं तेव्हा ताईंनी जीव मुठीत धरला होता. फोन वाजला नाही. नवं बसलं, त्यातूनही फोटो उघडून बघितले, मग दुसऱ्याची पाळी. दुपारी हाडांच्या डॉक्टरांचा फोन आला.

"ताई, तुमची मोडतोड कधी सुरू होणार? मोठं ऑपरेशन त्याआधी उरकून घेतो."

"ती झाली, डॉक्टर. तुमचं दुसरं ऑपरेशन चालू होतं तेव्हाच."

"तरीच," डॉक्टर जरा थांबून म्हणाले. "मी फोटो मागायला तोंड उघडतोय तोवर तो समोर. म्हटलं, आज यंत्राला माझी दया आली."

ताईंनी नोंदवही उघडली आणि कामाच्या आधी स्वतःची चूक लिहिली. खाली लिहिलं : दर महिन्याला दोन्ही दारांनी फोटो मागवून बघणे.

"हे कशाला लिहिता? सात महिन्यांत तुम्ही निवृत्त होणार," इंजिनिअर म्हणाला.

"माझ्या जागी जी येईल, तिला तरी कळू दे की हिरव्या दिव्यावर विसंबायचं नाही," ताई म्हणाल्या. "आता हात धुऊन ये, जेवू. मला सकाळपासून भूक लागली होती, पण भीतीपोटी ती बोलायलाच तयार नव्हती."