न भिजवणारा समुद्र

पंचशीलानं तिसऱ्या खिडकीवर घोंगडं ताणून धरलं आणि चांगुणानं दगडानं खिळा ठोकला. वर्गात अंधार झाला. दाराच्या फटीतून उन्हाची एक पट्टी तेवढी फळ्यापर्यंत येत होती; नागुबाई दाराला पाठ लावून बसली, तशी तीही गेली.

"आता कसं थेटरावाणी झालं," चांगुणा म्हणाली.

"तू कधी पाहिलंस थेटर?"

"न्हाई. पर असंच असंल की."

पंचशीला हसली, पण खांद्यावरच्या पिशवीवरचा हात तिनं काढला नाही. पिशवीत एक आंतरदेशीय पत्र होतं. सकाळी एसटीतून उतरताच पोस्टमननं ते तिच्या हातात दिलं होतं, कारण गावातल्या निम्म्या घरांची पत्रं तीच वाचून दाखवायची. एरवी ती त्या त्या घरच्यांसमोरच पत्र फोडत असे. आज कोण जाणे काय झालं, वाटेतच फोडलं आणि वाचलं.

पत्र चांगुणाच्या नवऱ्याचं होतं. बसवंत चार वर्षांपूर्वी भिवंडीला मागावर कामाला गेला तो गेलाच. पत्रं मात्र यायची, आईच्या नावानं, मोजून चार ओळींची: विहिरीला पाणी आहे का, बैल ठेवला की विकला. बायकोचं नाव म्हणून नाही. दोन वर्षांपूर्वी पंचशीलानं पहिलं पत्र वाचलं तेव्हा सासू पार्वतीबाईनं विचारलं होतं, "आन् चांगुणाला काय लिवलंय?" चांगुणा मान खाली घालून चटईची काडी उपसत होती. पंचशीलाच्या तोंडून निघून गेलं, "चांगुणाला सांगणे, तिच्या हातच्या भाकरीची आठवण येते." झालं! एकदा दिलेलं वाक्य मग दर पत्राला द्यावं लागलं. पंचशीला रात्री पडल्या पडल्या पुढच्या पत्राचं वाक्य जुळवू लागली. नांदेडला कॉलेजात असताना निबंधालासुद्धा तिनं एवढं डोकं खाजवलं नव्हतं.

आजच्या पत्रात वाक्य खुपसायला जागाच नव्हती. बसवंतनं तिकडं दुसरा संसार मांडला होता. चांगुणाला तिच्या भावाकडे मुखेडला पोचती करावी, असं त्यानं आईला स्पष्ट कळवलं होतं. पार्वतीबाई पुढच्याच रांगेत बसली होती. पत्र आल्याचं पोस्टमनकडून तिला कळलं होतं आणि 'खेळ झाला की वाचा, बाई' असं तिनं आल्या आल्या सांगून ठेवलं होतं. खरं वाचावं, तर चांगुणाचं घर जातं आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेली ही म्हातारी एकटी पडते. खोटं वाचावं, तर चांगुणा आणखी चार वर्षं वाट बघत बसते, आणि त्याला जबाबदार आपण. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

गाव अगदी शिवेवर. ओढ्याच्या अलीकडे लातूर, पलीकडे नांदेड. आणि दोन पावसाळे कोरडे गेल्यापासून ओढा नेमका कुठून वाहायचा हेही सांगावं लागत होतं. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. नव्या जिल्ह्याची प्रचारगाडी गावात पहिल्यांदाच आली होती. बायका पहाटेपासून रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायच्या आणि दुपारी पंचशीलाच्या साक्षरता वर्गाला यायच्या. आज त्यांना साक्षरतेचा चित्रपट दाखवायचा होता.

गाडीवरच्या व्यंकटी ऑपरेटरनं बाहेर जनरेटर सुरू केला, आत येऊन यंत्राचं बटण दाबलं आणि फळ्यावर टांगलेल्या धोतरावर समुद्र आला.

बायका पुढं सरकल्या. काळापांढरा समुद्र, पण समुद्रच. मग इंग्रजी अक्षरं आली, गोरी माणसं आली, बोलू लागली.

"अहो भाऊ, हे काय?" पंचशीलानं विचारलं.

"डब्यावर तर साक्षरताच लिवलंय, बाई." व्यंकटीनं डबा उलटासुलटा करून पाहिला. "वाटंत कुठं अदलाबदल झाली की काय, देव जाणे. बंद करू?"

"कामून बंद?" नागुबाई दारातून ओरडली. "पाणी बघू द्या की जरा! बाईला इंग्रजी येतंय. बाई सांगतील."

आता आली का पंचाईत! पंचशीला बी.ए. झाली होती खरी, पण तिचं इंग्रजी गाईडातलं. ही माणसं तोंडात खडा धरल्यासारखी बोलत होती. चार शब्दांतला एक कळला तरी पुष्कळ. बाकीचे तीन तिनं आपल्या पदरचे घातले. तशी तिला सवय होतीच.

"ही बाई धुण्याच्या कारखान्यात काम करते," ती सांगू लागली. "घरी हिचं कुणी नाही. रोज काम सुटलं की ही एकच सिनेमा बघायला जाते."

"एकच? रोज?"

"रोज."

सिनेमात सिनेमा होता. त्या आतल्या पडद्यावर एक खलाशी बंदरात उभा राहून बोलायचा आणि धुणंवाली तिसऱ्या रांगेत बसून त्याचे शब्द ओठांतल्या ओठांत म्हणायची. मग एके दिवशी वारा सुटला. खलाशाची टोपी उडाली, घरंगळत पडद्याच्या कडेशी आली आणि टपकन थिएटरात, तिच्या पायांपाशी पडली.

पंचशीला सांगायचंच विसरली. असलं काही तिनं आजवर पाहिलं नव्हतं. धुणंवालीनं टोपी उचलली, झटकली, परत द्यायला पुढं गेली आणि एक पाय उचलून पडद्याच्या आत ठेवला.

"गेली!" बायका एकदम म्हणाल्या.

तेवढ्यात रीळ संपलं. व्यंकटीनं दार किलकिलं करून उजेड घेतला आणि दुसरं रीळ चढवू लागला. पंचशीलाला वाटलं होतं, आता बायका विचारतील की जिवंत माणूस पडद्यात जातं कसं. ते कुणीच विचारलं नाही. देव मूर्तीतून बाहेर येतात, तर माणसाला आत जायला काय धाड भरली?

"तिथं तिचं नाव हजेरीपटावर कोण घालणार?" नागुबाईची शंका वेगळीच होती. "परगावचं माणूस. मुकादम उभं करंल का?"

"आन् कारखान्यातला खाडा?"

"त्यो लगीन करनार हाय का तिच्याशी, ते बघा आधी," पार्वतीबाई म्हणाली. तिला धोतरावर नुसत्या सावल्या हलताना दिसत होत्या. सगळी भिस्त पंचशीलाच्या सांगण्यावर.

चांगुणा गुडघ्यांवर हनुवटी टेकून कोऱ्या धोतराकडे बघत होती.

दुसऱ्या रिळात धुणंवाली खलाशाबरोबर बंदरात हिंडली. तिथं दिवे विझत नव्हते, कुणी म्हातारं होत नव्हतं. खलाशी तिच्याशी फार गोड बोलायचा. पंचशीलाला शब्द कळत नव्हते, पण सूर कळत होता आणि असल्या सुराची वाक्यं तिच्याकडे दोन वर्षांची शिल्लक होती. तिनं ती सढळ हातानं दिली. भाकरीचंसुद्धा दिलं. गोऱ्या खलाशाला भाकरी कुठली, हे कुणाच्या मनात आलं नाही. मग धुणंवालीला तहान लागली. तिनं ओंजळ भरून समुद्राचं पाणी तोंडाला लावलं आणि थबकली. हात कोरडे होते. तिनं पुन्हा ओंजळ भरली. पुन्हा कोरडे.

"पाणी भिजवंना?" नागुबाई उठून उभी राहिली. "मग काय करायचं त्या पान्याला? आपला कोरडा वढा बरा की, निदान फशिवत तर न्हाई."

तिसऱ्या रिळात खलाशी पुन्हा त्याच बंदरात, त्याच दगडावर पाय ठेवून उभा राहिला आणि तेच बोलू लागला. धुणंवालीनं त्याला काहीतरी विचारलं. तो तेच बोलत राहिला. तिनं त्याची बाही ओढली. त्यानं तसंच हसून तेच सांगितलं.

"बाई," चांगुणा खेळ सुरू झाल्यापासून पहिल्यांदा बोलली, "हा तेच ते बोलून राहिला."

"प्रेमानं बोलतोय."

"तोंडात कुणीतरी घातलेलं बोलतोय. सोताचं काय हाय त्याच्यात?"

पंचशीलाचे कान तापले. बरं झालं अंधार होता. चांगुणा सिनेमाबद्दलच बोलत होती, दुसरं काय असणार, असं तिनं स्वतःला बजावलं आणि घाईघाईनं पुढं सांगायला लागली. तिला हा खेळ आता गोड होऊन संपायला हवा होता. "ती म्हणते, मी इथंच राहीन. जन्मभर राहीन. तो म्हणतो, रहा. आणि ती राहिली."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. धोतरावर धुणंवाली तिसऱ्या रांगेतल्या आपल्या खुर्चीवर बसलेली सगळ्यांना स्वच्छ दिसत होती. समोरच्या आतल्या पडद्यावर खलाशी रिकाम्या जागेशी बोलत होता.

"बाई, ती तर खुर्चीवर..." कुणीतरी सुरुवात केली.

"राहिली न्हवं?" पार्वतीबाईनं मान डोलावली. "लई झाक झालं. बिचारीचं कुणी नव्हतं."

"हाव, आत्याबाई," चांगुणा पटकन म्हणाली आणि मागं वळून बायकांकडे एकदा पाहिलं. "राहिली."

बायका गप्प बसल्या. व्यंकटीनं यंत्र बंद केलं.

घोंगडी उतरली, डोळे चोळत बायका पांगल्या. व्यंकटी रिळं उचलून गाडीकडे गेला. वर्गात तिघीच उरल्या. पार्वतीबाईनं पदर नीट केला आणि पत्र ऐकायला ती सरसावून बसली.

पंचशीलानं पत्र काढलं. उभी घडी, आडवी घडी, सगळं उलगडून झालं तरी ती कागद सपाटच करत राहिली. जुनी वाक्यं सगळी खलाशाला देऊन झाली होती. आणि खरं वाक्य तर या दोघींच्या तोंडावर फेकण्याची तिची छातीच होत नव्हती.

"इकडं द्या, बाई," चांगुणा म्हणाली. "दोन वर्सं झाली शिकून. आज म्या वाचते."

"अक्षर फार गिचमिड आहे गं," पंचशीला कशीबशी म्हणाली. चांगुणानं हात पुढं केला तो मागं घेतला नाही. पंचशीलानं पत्र दिलं.

चांगुणानं बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. "ती... तीर्थरूप... आईस... साष्टांग... नमस्कार." पार्वतीबाईचं तोंड कौतुकानं उघडंच राहिलं. "मी... इकडे... खुशाल आहे." बोट तिसऱ्या ओळीवर आलं. तिथं काय आहे ते पंचशीलाला पाठ होतं. बोट हळूहळू सरकलं, ओठ आवाज न करता हलले. ओळीच्या टोकाला मुखेडचं नाव होतं. त्या नावावर बोट थांबलं आणि थांबूनच राहिलं.

"पुढं वाच की गं," पार्वतीबाई म्हणाली.

"कामं लई हायेत," चांगुणा म्हणाली. आता ती अडखळत नव्हती. "औंदा यायला जमनार न्हाई. फिकीर करू नका, म्हनतात."

"आन् तुला? तुला काय लिवलंय?"

चांगुणानं मान वर करून पंचशीलाकडे पाहिलं. डोळे कोरडे होते, पण नजर अशी, की पंचशीलाला आपली दोन वर्षांतली एकेक ओळ आठवली आणि लाजेनं मेल्यासारखं झालं. मग चांगुणानं पुन्हा पत्राकडे पाहिलं.

"चांगुणाला सांगने," ती सावकाश म्हणाली, "आईचे डोळे अधू हायेत. तिला सोडून कुठं जाऊ नको."

"बगा!" पार्वतीबाईनं डोळ्यांना पदर लावला. "आईची याद हाय माझ्या लेकराला."

पंचशीलानं नेहमीच्या सवयीनं उत्तर लिहायला वही उघडली, पेनाचं टोपण काढलं.

"बाई, उत्तर म्या लिवते," चांगुणा म्हणाली. तिनं पत्राची घडी घालून कमरेला खोचली आणि पेन घेतलं. "मला कागुद द्या. दोन द्या."

"दोन कशाला गं?" पार्वतीबाईनं विचारलं.

"एक तुमाला वाचून दावायला, आत्याबाई."

पंचशीलानं वहीच्या मधोमधच्या पिना उचकटल्या आणि दोन कोरे कागद काढून दिले.