संग्रहित छायाचित्र

फोटोच्या खालच्या कोपऱ्यात बादलीची कडी अजून दिसत होती. पान लावणारीने पडद्यावरची चौकट जराशी वर ओढली आणि कडी गेली, पाठोपाठ मुलीच्या हातातली कागदाची गुंडाळी गेली, उरलं ते नुसतं तोंडभर हसू... गुंडाळी म्हणजे याच कचेरीचा पेपर. पोरगी बॅटन म्हणून तोच हातात घेऊन घरभर धावायची, आणि त्या दिवशी तिचा बाप कॅमेरा डोळ्याला लावून मागे मागे सरकत होता, आणि मागे भरलेली बादली होती... ती हसत होती ती भिजलेल्या बापाला. फोटो इतका छान आला, की त्याने स्वतः हौसेने तो कचेरीच्या संग्रहात दिला.

आज त्याच्यावर मथळा होता, ‘देश रडला, ही मात्र हसतेय’.

"कडक आहे, मान्य," संपादक त्याच्या खुर्चीमागे येऊन म्हणाले. "पण दुपारपासून सगळ्या वाहिन्यांवर तिचंच चाललंय. आपण मिळमिळीत गेलो तर म्हणतील, घरची पोरगी म्हणून झाकलं. तुम्हाला जड जात असेल तर घरी जा. दुसरं कोणी पान छपाईला सोडेल."

"फोटो आजचा नाहीये."

"खाली बारीक अक्षरात ‘संग्रहित’ टाकू की."

बारीक अक्षरांची ही युक्ती मूळ त्याचीच. कचेरीत त्याला मथळेबुवा म्हणत ते काही उगाच नाही. आज सकाळच्या अंकातला ‘देशाची लेक आज धावणार’ त्यानेच दिला होता. रिलेत चौघी धावल्या, शेवटच्या बदलीला बॅटन निसटलं ते तिच्या हातून, आणि संध्याकाळपर्यंत पानावरून लेक गेली, नुसतं आडनाव राहिलं. त्याचंच आडनाव. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात म्हणतात — वीस वर्षं तो सुपात बसून होता, आणि मजेत होता.

हातून चेंडू सुटलेला तो गोलरक्षक... ‘एका हाताने देशाचं नाक कापलं’. काय पाठ थोपटली होती सगळ्यांनी! दोन दिवसांनी त्या पोराच्या आईचा फोन आला. अहो, तो दार उघडत नाहीये, जेवत नाहीये, तुम्ही काहीतरी चांगलं छापा ना. आणि मी — मी पेन कानावर ठेवून, घड्याळाकडे बघत म्हणालो, बाई, पेपर आहे हा, उद्या लोक विसरतील. तो मुलगा पुन्हा मैदानावर दिसला नाही. त्याची चौकशी करावी असं कधी मनातही आलं नाही.

खिशातला फोन थरथरला.

"बाबा, कामात आहेस?" मागे विमानतळावरच्या सूचनांचा गलका होता. तिचा आवाज रडून रडून बसला होता.

"नाही गं, बोल."

"हात घामेजला होता रे. बाकी काही नाही. दहा हजार वेळा केलंय मी ते." मग म्हणाली, "पेपरात काय येतंय?"

त्याने पडद्याकडे पाहिलं. संपादक दोन टेबलांपलीकडे बोटाने मनगट ठोकत उभे होते.

"पहिलं पान तुझ्याकडेच आहे ना?" तिने विचारलं.

"हो. माझ्याकडेच आहे."

"मग झालं. बाकीचे काही का लिहीनात. मी विमानात झोपते."

"झोप," तो म्हणाला. "उद्या लोक विसरतील."

शब्द तोंडातून गेले आणि त्याला ते ऐकू आले. तोच आवाज, तीच समजुतीची पट्टी. त्यावर त्या बाई काय म्हणाल्या होत्या, हे वीस वर्षांत कधी आठवलं नव्हतं, ते आता लख्ख आठवलं. तुम्ही विसराल हो, म्हणाल्या होत्या, आणि शांतपणे फोन ठेवला होता.

"हो ना, बाबा?" ती पलीकडून विचारत होती. मग फोन कट झाला.

पान लावणारी खुर्ची सोडून उठली. तो तिच्या जागी बसला. त्याने चौकट खाली ओढली. गुंडाळी आली, बादलीची कडी आली. अजून ओढली, डावीकडे, उजवीकडे, फोटो संपेपर्यंत. ती कुणाला हसतेय ते काही त्यात येईना. तो कॅमेऱ्याच्या मागे होता.