नव्या बैलासाठी घंटी

मित्रांनो, खोपटात शिरलात की डाव्या हाताला खुंटीवर एक जुने, वाकडे लाकूड टांगलेले दिसेल. ते मी. मी जू आहे. आमच्या बोंगह्वाच्या डोंगरात शेते उतरणीची आणि अरुंद, म्हणून नांगराला एकच बैल जुंपतात. प्यो नावाच्या शेतकऱ्याने मला तासले, आगीवर शेकून तेल पाजले आणि आपल्या पिवळ्या बैलाच्या खांद्यावर ठेवले. अकरा वर्षे आम्ही बरोबर काम केले. लोक म्हणत, "प्योचं जू बैलाला लागत नाही." मला त्याचा गर्व होता. गर्वाची गोष्ट इथेच संपते. पुढचे सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

प्योंना दोन मुले. थोरली ओकबुन, धाकटा तेकसू. ओकबुनची शाळा सहावीला थांबली. तेकसू शिकत गेला आणि राजधानीत, सोलच्या कॉलेजात त्याचे नाव लागले. त्या काळी आमच्याकडे कॉलेजची फी म्हणजे बैल. घरात दुसरे होते काय? बैल बाजाराला गेला, मी खुंटीवर राहिलो.

वसंतात बटाटे लावायची वेळ आली. शेजारचा बैल मिळे, पण शेजाऱ्याचे सगळे आटोपल्यावर, आणि तोवर माती दगड होई. प्योंचा एक पाय लढाईत अधू झालेला. त्यांना नांगर धरता येई, ओढता येत नसे. आईला दमा. तेव्हा ओकबुनने मला खुंटीवरून काढले.

"बाबा, तुम्ही मागून धरा, मी ओढते. वैरण घालावी लागणार नाही, तेवढाच फायदा."

आईने मला एक जाड कापड गुंडाळले. लहानपणी ओकबुन ज्या कापडाने तेकसूला पाठीशी बांधून फिरे, तेच. तरी मी लागलोच. बैलासाठी कोरलेले लाकूड माणसाच्या हाडावर बसत नाही. पहिल्याच दिवशी तिची कातडी सोलली. पुढे तिच्या मानेवर गाठ आली आणि ती कधी गेली नाही.

घरात लिहिता येई ते ओकबुनलाच. सोलला पत्रे तीच लिही. चूल खोपटाच्या भिंतीला लागून, त्यामुळे ती वाचून दाखवी तेव्हा मला ऐकू येई. "आम्ही नवा बैल घेतला आहे. खातो फार, पण गुणी आहे. तू काळजी करू नकोस." तेकसूचे उत्तर येई, "नव्या बैलाला माझ्याकडून एक पेंडी जास्त घाल."

ते वाचून ती पोट धरून हसे. आई चिडे. "हसतेस काय गं?"

"घाल म्हटलंय ना त्याने? मग वाढ भात."

तिसऱ्या वसंतात कॉलेज अचानक काही दिवस बंद झाले आणि तेकसू न कळवता गावी आला. घरी कुणी दिसेना म्हणून तसाच शेतावर आला. हातात पितळेची घंटी होती. नव्या बैलासाठी आणलेली. बांधावर आला आणि जागच्या जागी थांबला.

ओकबुनने बाहीने घाम पुसला. "आलास? घंटी आणलीस वाटतं. ये, बांध. बैल मारका नाही."

तो खाली उतरला, तिच्या मानेवरून मला काढले आणि स्वतःच्या मानेवर घेतले. "मी परत जाणार नाही," म्हणाला. सात पावले गेला आणि गुडघ्यांवर आला.

"ऊठ," ओकबुन म्हणाली. "तू इथे राहून बैल परत येणार आहे का? त्याचं कधीच सूप झालं असेल."

प्यो नांगराची मूठ धरून उभे होते. त्यांनी मागे वळून पाहिले. "तुझी सरी वाकडी येते," ते म्हणाले. "जा. शीक."

तो गेला. पदवीच्या दिवशी आमच्या रिवाजाप्रमाणे त्याने आपला काळा झगा आणि टोपी घरच्यांना घातली, फोटोसाठी. ताईला म्हणाला, मानेवरचा मफलर सोड. तिने सोडला नाही. फोटोत ती अजून तशीच आहे, डोक्यावर चौकोनी टोपी आणि गळ्याला लोकरीचा मफलर.

पुढे तेकसू जवळच्या गावात मास्तर झाला. शेजारीण म्हणाली, "मास्तरच व्हायचं होतं तर बैल कशाला विकला? बैलालाच पाठवायचं, तोही एवढं शिकला असता." गाव महिनाभर हसले. ओकबुनला बघायला येणारे लोक तिच्या मानेकडे बघत आणि उठून जात. तिचे लग्न झाले नाही. त्यात माझा वाटा आहे.

मग यंत्रे आली. माझ्यावरचे कापड उंदरांनी नेले. तेकसू मात्र दर वसंतात येऊन मला तेल लावी. घंटी त्यानेच माझ्या खुंटीला बांधून ठेवली होती.

गेल्या वसंतातही तो आला. आता केस पांढरे झालेले. ओकबुन दारात मिरच्यांचे देठ काढत बसली होती. वर न बघता त्याने विचारले, "ताई, तुम्ही सगळ्यांनी एवढं केलंत आणि मी झालो काय, तर मास्तर. वाया गेलं ना गं सगळं?"

"वाया कसं जाईल? इतकी वर्षं पोरं शिकवलीस." तिचे हात चालूच होते. मग म्हणाली, "वर्गात माझा पहिला नंबर असायचा. तुला कसं आठवेल, तू पाठीवर झोपलेला असायचास."

तेकसूच्या हातातली तेलाची चिंधी थांबली.

"मला कुणी विचारलं नाही, एवढंच. विचारलं असतं तरी मी म्हटलं असतं, तूच जा. पण विचारायचं होतं."

मित्रांनो, माणसाच्या मानेवर बसलो, एवढीच माझी लाज आहे असे मला वाटत होते. पण त्या मानेच्या वर एक डोके होते, आणि हे घरात कुणाला सुचले नाही तसे मलाही सुचले नाही. शिक्षणाची किंमत जुवाला काय कळणार? तुम्ही जरूर शिका. फक्त तुमच्यासाठी कोण ओढते आहे, ते एकदा बांधावर जाऊन बघा. आणि त्याला काय व्हायचे होते, ते विचारा. पदवी मिळायच्या आधी विचारा.

खोपटाचे दार उघडले की वाऱ्याने घंटी वाजते. मला मान असती तर मी ती खाली घातली असती.