बारा मिनिटं पुढे

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. अमेरिकेत, शॉमबर्गमधल्या एका घरात, जेवणाच्या टेबलाशेजारी माझी जागा. यतीनने सुटे भाग आणून मला स्वतःच्या हाताने जोडलं. त्याची दहा वर्षांची मुलगी निधी रोज माझ्यावर अभ्यास करायची.

गेल्या जानेवारीत, एका शनिवारी यतीनने माझा वेग वाढवला. "बघ निधी, रॉकेट झालं!" तो म्हणाला, आणि मीही फुशारलो. पण एक गोष्ट कुणी तपासली नाही. माझ्या आत सतत ठोके पडतात. ते मोजून मी वेळ सांगतो. आता ठोके जलद पडू लागले, मोजणी मात्र जुन्याच मापाने चालली. त्यामुळे माझा तास खऱ्या तासाआधीच भरू लागला.

दुसऱ्या दिवशी नागपुरात निधीच्या आजोबांचं मोठं ऑपरेशन होतं. आत नेण्याआधी पाच मिनिटं, आमच्या सकाळी आठला, रत्नाआत्या त्यांना व्हिडिओ कॉलवर आणणार होती. आजोबांना ऐकवायला निधीने एकोणतीसचा पाढा पाठ केला होता.

माझ्या घड्याळात आठ वाजले. निधीने कॉल उघडला. समोर कुणीच नव्हतं. ती पाढा पुटपुटत थांबली. मी आठ वाजून दहा मिनिटं दाखवली, तशी तिने कॉल बंद केला आणि दारातून रडत हाक मारली, "बाबा, आजोबा डिडन्ट कम!"

यतीन अंगणातला बर्फ उपसत होता. "आत नेलं असेल गं त्यांना. उद्या बोलू हं, ये इकडे."

ती बूट घालून बाहेर गेली. तेव्हा खरे सात-अठ्ठावन्नच झाले होते. थोड्या वेळाने स्वयंपाकघरात यतीनचा फोन वाजू लागला. वाजतच राहिला. मला ऐकू येत होतं, पण उठता येत नव्हतं.

आजोबा ऑपरेशनमधून परतले नाहीत.

संध्याकाळी माझ्याच पडद्यावर आत्या म्हणाली, "दादा, आत नेईपर्यंत विचारत होते रे, निधी आली का?"

"आली होती गं. आठला बसली होती ती." यतीनने माझं घड्याळ पाहिलं. मग भिंतीवरचं. माझं पुढे धावत होतं.

त्याने माझा वेग मूळ आकड्यावर आणला, इंटरनेटवरून वेळ जुळवली, दर तासाला ती पडताळायला मला शिकवलं. सगळं काम दहा मिनिटांचं होतं.

मित्रांनो, यंत्राला पळायला लावाल तेव्हा त्याची वेळ एकदा दुसऱ्या घड्याळाशी ताडून पाहा. आमची चूक आम्हाला दिसत नाही.

आता माझा सेकंदही चुकत नाही. रविवारी आठला निधी समोर बसते. आधी भिंतीकडे बघते, मग माझ्या रिकाम्या पडद्याकडे.

"एकोणतीस दाहे दोनशे नव्वद. संपला, आजोबा."