काओ सरांच्या गाण्यातला वारा

उजव्या अंगठ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला स्वरलिपी हातानं लिहिता येईना. निवृत्त शिक्षकांच्या आमच्या गायनवृंदात बत्तीस जण, बहुतेकांचे चष्मे जाड. त्यांना ठसठशीत छापलेले कागद हवेतच. म्हणून आमच्या च्याई शहरातल्या प्रौढांच्या वर्गाला जाऊन मी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घालायला शिकले, स्वरलिपीचा फुकट प्रोग्रॅमही उतरवून घेतला. एकसष्टाव्या वर्षी हे जमलं म्हणून चार दिवस मी हवेत होते.

चारही आवाजांचे स्वर भराभर बसले. गाडी अडली ती शब्दांपाशी.

आम्ही चिनी अक्षर टाइप करतो ते असं: आधी उच्चाराची चिन्हं, मग उच्चार चढा की उतरता त्याची कळ. सपाट उच्चाराला स्पेसबार दाबायचा. नेमका तोच या प्रोग्रॅममध्ये ‘पुढच्या स्वरावर जा’ यासाठी ठेवलेला. मी ‘फूल’ची चिन्हं मारून स्पेसबार दाबला, की अक्षर तयार व्हायच्या आत कर्सर टुणकन पुढच्या स्वराखाली. मागे नुसती चिन्हं लोंबकळत राहिलेली.

आणि गाणं काओ सरांच्या कवितेचं! फूल, आकाश, वसंत, डोंगर, वारा. आमच्या भाषेत हे सगळे एकेका अक्षराचे शब्द, आणि एकूण एक सपाट उच्चाराचे.

मदतीच्या संकेतस्थळावर विचारलं. कुणीतरी लिहिलं, ‘ही तक्रार आठ वर्षं जुनी आहे. प्रोग्रॅमिंग येत असेल तर दुरुस्त करून पाठवा.’

“आणि तुला खर्ज लागत असेल तर ये आमच्यात गायला!” मी स्क्रीनला म्हणाले.

दुसरा टायपिंगचा प्रोग्रॅम घालून पाहिला, तर आमची अक्षरंच उमटेनात. तो काढायला एक सकाळ गेली. कार्यक्रमाला नऊ दिवस उरले होते. शेवटी मी काओ सरांना फोन लावला. शाळेत ते चिनी शिकवायचे, मी संगीत. वीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसून भांडलो होतो.

“सर, ‘वारा’च्या जागी दुसरा शब्द चालेल? आणि ‘आकाश’?”

“का? चालीत बसत नाही?”

“चालीत बसतो. कॉम्प्युटरमध्ये बसत नाही.”

“येनबाई, तुमच्या डबड्याला जमत नाही म्हणून मी माझ्या कवितेतला वारा काढू? उद्या म्हणाल, डोंगरही हलवा!”

“मग या इकडे आणि तुम्हीच घाला!”

ते खरंच आले, पेरूची पिशवी घेऊन. तासभर खुर्चीत बसून टाइप करत राहिले. ‘वसंत’ सात वेळा पळाला. आठव्यांदा त्यांनी माऊस आपटला.

“हे माणसांनी बनवलंय?”

“आता कळलं, मी का चिडले होते?”

मग साध्या लिखाणाच्या खिडकीत त्यांनी अख्खी कविता टाइप केली. ती उचलून स्वरलिपीत टाकली, तर सगळी ओळ एकाच स्वराखाली जाऊन बसली! कारण आमच्या लिखाणात दोन अक्षरांमध्ये मोकळी जागा नसते. उरला एकच मार्ग: एक अक्षर उचलायचं, एका स्वराखाली चिकटवायचं. एकशे चाळीस अक्षरं, चार आवाज. सर अक्षर वाचायचे, मी चिकटवायची. आम्ही तीन दुपारी बसलो. तिसऱ्या दिवशी आम्ही एकमेकांशी बोलणंच टाकलं होतं. नुसती अक्षरं चालली होती.

तालमीला प्रती वाटल्या. सगळे छान गायले. सर मात्र मागून कागद हलवत आले.

“दुसऱ्या पानावर वाऱ्याचं काय झालं?”

मी पाहिलं. एक ‘वारा’ चारही आवाजांत चिकटवायचा राहिला होता. तिथं पहिल्या प्रयत्नातली उच्चाराची चिन्हं तशीच छापली गेली होती. ही चिन्हं आम्ही पहिलीत शिकतो, त्यामुळे गाताना कुणी अडखळलं नव्हतं.

“गायलं ना सगळ्यांनी नीट? राहू दे आता,” मी म्हणाले. डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं.

“पोरांच्या पुस्तकात छापतात तसं छापलंय, बाई. माझा वारा आहे तो.”

त्यांनी खिशातून पेन काढलं. बत्तीस प्रती गोळा केल्या आणि एकेका प्रतीवर चिन्हं खोडून वर अक्षर लिहायला बसले, चारही ओळींत. मी डाव्या हातानं पानं उलटून देत राहिले. विसाव्या प्रतीला ते म्हणाले, “तुमचा अंगठा बरा असता तर हे सगळं दोन दिवसांत झालं असतं.”

“माहीत आहे,” मी म्हणाले.

कार्यक्रम चांगला झाला. लोकांनी ते गाणं पुन्हा गायला लावलं. सरांना मंचावर बोलावलं, तेव्हा त्यांनी माझं नाव घेतलं, म्हणाले स्वरलिपी येनबाईंनी केली. मी वाकून नमस्कार केला. पण त्या प्रोग्रॅमवरचा राग गेला नव्हता. त्या महिन्यात मी लॅपटॉप उघडला नाही.