चार तासांवरचा लेक

घड्याळजींच्या दुकानात भिंतभर घड्याळं टांगलेली, आणि सगळी कशी एका सुरात. एखादं मिनिटभर मागे पडलं, तर घड्याळजी ते खाली उतरवून त्याचं पोट उघडत. बायकोच्या पोटदुखीची दखल त्यांनी इतक्या तातडीनं कधी घेतली नव्हती. असा माणूस लेकाच्या गावच्या विमानाचं वेळापत्रक वाचायला बसला, आणि तिथेच घोळ झाला.

"इकडून रात्री दहाला निघालं की तिकडे दुसऱ्या रात्री दहाला," भिंग डोळ्यावरून सरकवत ते म्हणाले. "अख्खा दिवस. आणि तिकडून सकाळी दहाला सुटलेलं इकडे त्याच दुपारी दोनला हजर. चार तास! म्हणजे लांब आहे ते आपल्याला. त्याला नाही. त्यानंच यायचं."

"आभाळातही उतार असतो, हे ठाऊक नव्हतं मला," बायको म्हणाली. नातीसाठी विणलेला स्वेटर ती तिसऱ्यांदा उसवत होती. माप जुळेपर्यंत नात वाढलेली असे. लोकर तीच, टाके तेच, आणि मांडी अजून रिकामीच.

रविवारी लेकाचा फोन आला.

"बाबा, दोन्हीकडून चौदाच तास लागतात. तुमची दुपार म्हणजे आमची मध्यरात्र. इकडची घड्याळं पुढे असतात."

"मग दुरुस्त करून घ्या," घड्याळजी म्हणाले.

"म्हणजे अंतर सारखंच?" आईनं विचारलं.

"सारखंच गं. पण एवढ्याशा पोरीला घेऊन चौदा तास... पुढच्या वर्षी बघू."

"बघ, बघ," घड्याळजी बायकोकडे वळले. "याला चार तास जड, आणि मी दिवसभर लोंबकळत जाऊ?"

ती दोघांचं ऐकत राहिली. काय बापलेक होते! एकाला घड्याळाचा मान, दुसऱ्याला बाळाचं निमित्त. तिकडे बाळ मात्र कुणासाठी थांबत नव्हतं. परवा रांगायला लागलं होतं म्हणे.

"तिकीट काढ," ती लेकाला म्हणाली. "माझं एकटीचं."

"आई, एवढा वेळ बसवेल तुला?"

"यांच्या दुकानात जन्म गेला बसून. तिथे निदान खिडकी असेल."

जायच्या संध्याकाळी तिनं अर्धा स्वेटर सुयांसकट पिशवीत टाकला. माप आता पोरीच्या अंगावरच घ्यायचं होतं. घड्याळजी दारापर्यंत आले. एक घड्याळ त्यांनी सदऱ्यानं पुसून तिच्यापुढे धरलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "तिकडे गेल्यावर चुकीचंच दाखवेल, आणि तुम्ही नसणार पोट उघडायला."

त्यांनी ते खिशात ठेवलं. मग घसा खाकरून, कुलपाकडे बघत विचारलं, "परत कधी?"

"त्याची कशाला काळजी?" ती पायऱ्या उतरता उतरता म्हणाली. "तिकडून काय, चार तासांचं तर काम."