पाण्याचा रंग सांगणारी नळी

मित्रांनो, माझ्या पोटात जेमतेम दोन चमचे पाणी मावतं. पण त्या दोन चमच्यांवर एके काळी अख्ख्या हौदाची भिस्त होती, हे आधीच सांगून ठेवते. मी एक जुनी काचेची नळी आहे. काठाचा टवका उडालाय, तळाला पिवळट डाग पडलाय. भिंगारमधल्या एका बंद खोलीत, फळीवरच्या लाकडी पेटीत मी पडून असते.

माझा जन्म भट्टीतला. तापलेल्या काचेत कुणीतरी फुंकर घातली आणि मी लांब झाले, एवढंच आठवतं. पुढे पुण्याच्या एका दुकानातून डॉक्टर आप्पासाहेबांनी मला आणलं. पोलिओनं पाय लुळे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी बंगल्यामागे एक हौद बांधला होता. त्यात पोत्यानं मीठ टाकत. खाऱ्या पाण्यात अंग हलकं होतं, तरंगतं. मग जमिनीवर उभं राहू न शकणारं मूलही तिथं पाऊल टाकून बघतं.

पण नुसतं मीठ टाकून भागतं होय? पाण्यात ब्लीचिंग पावडर हवी, नाहीतर पाणी घाण धरतं. ती जास्त झाली तर डोळे चुरचुरतात. पाणी गढुळलं की तुरटी, तुरटीनं आंबट झालं की धुण्याचा सोडा. सगळं कसं मापात लागतं, आणि पावडरचं माप सांगायला मी. रोज सकाळी माझ्यात हौदाचं पाणी भरायचं, पुण्याहून मागवलेल्या औषधाच्या बाटलीतले पाच थेंब टाकायचे आणि लगेच बघायचं. पेटीतल्या पिवळ्या काचेशी रंग जुळला की मुलांना उतरवायचं. लगेच बघायचं, बरं का. घाणीशी झगडून शिळी झालेली पावडरही रंग देते, पण सावकाश, मागाहून. तो रंग फसवा असतो.

हे काम सत्तारभाईचं. वीस वर्षं तो जत्रेच्या गावांतून विहिरींत पावडर टाकत हिंडला होता. मला उन्हाकडे धरून तो म्हणायचा, "काय म्हनतीस, बोल." मी पिवळी व्हायचे आणि तो हसायचा. पाहुणे आले की आप्पासाहेब मला हातात घेऊन सांगायचे, "माझा हौद ही नळी चालवते." मला गर्व चढायचा, खोटं कशाला बोलू?

सत्तारभाईचं एक गुपित फक्त मला ठाऊक होतं. त्याला वास येत नव्हता. इतकी वर्षं पावडर कालवून कालवून त्याचं नाक पार कामातून गेलं होतं. एकदा आमच्या खोलीत फळीमागे घूस मरून पडली. दोन दिवस माणसं दारातूनच परत फिरली आणि हा पठ्ठ्या तिथंच बसून निवांत भाकरी खात होता. पण ज्याला वास येत नाही त्याच्या हाती हौद कोण ठेवील, या भीतीनं त्यानं कधी ब्र काढला नाही.

त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाला तिसगावची छबूबाई आपल्या आठ वर्षांच्या चांगुणाला घेऊन भिंगारात बहिणीकडे राहायला आली. चांगुणाचे दोन्ही पाय गेलेले. पहिल्या दिवशी पोरगी पायरीवर बसून नुसती रडली. सत्तारभाई कमरेएवढ्या पाण्यात उतरला, तिच्या काखेत हात घालून तिला तरंगवत राहिला. महिन्याभरात त्यानं हात काढून घेतले आणि चांगुणा पाण्यात चार पावलं चालली. छबूबाईनं पदर तोंडात कोंबला होता. आप्पासाहेब म्हणाले, "खाडा करू नका. पाडव्यापर्यंत काठी घेऊन जमिनीवर उभी राहील."

आणि नेमकी माझ्या थेंबांची बाटली संपली.

पुण्याला पत्र गेलं. आप्पासाहेब म्हणाले, "बाटली येईपर्यंत हौद बंद ठेवू."

"आठ दिस पाय थांबलं तर आखडतील, साहेब," सत्तारभाई म्हणाला. "वीस वर्सांच्या वर पावडर कालवतोय. नाकानं सांगतो की."

आप्पासाहेबांनी विश्वास ठेवला आणि हौद त्याच्यावरच सोपवला. मी पेटीत गेले आणि झाकण लागलं.

तुम्ही म्हणाल, नाक नाही तर त्यानं काय केलं? त्यानं छबूबाईचं नाक वापरलं. सकाळी सहज विचारल्यासारखं विचारायचा, "बाई, पावडरीचा वास येतोय का आज?" ती सांगायची, "येतोय की." तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आज लई येतोय." चौथ्या दिवशी म्हणाली, "डोकं उठलं बगा वासानं." सत्तारभाईला वाटलं, पावडर जास्त झाली. त्यानं ती निम्मी केली.

मित्रांनो, इथंच घात झाला. दुष्काळानं विहीर तळाला गेलेली, त्यामुळे हौदाचं पाणी महिनाभर बदललं नव्हतं. आया मुलांच्या पायांना तेल चोळून आणायच्या, तेही त्यातच उतरायचं. असं पाणी घाण धरतं तेव्हा शिळ्या पावडरचा वास उलट जास्तच सुटतो. त्या वेळी पावडर वाढवायची असते. ते पाच थेंब मिळाले असते तर मी ते सांगितलं असतं. पेटीत पडल्या पडल्या माझा जीव नुसता तुटत होता.

सहाव्या दिवशी चांगुणाला ताप भरला. डाव्या कानातून पू वाहू लागला. बारा दिवस ती अंथरुणाला होती. ताप उतरला, पण तो कान कायमचा गेला आणि पाय पुन्हा काटकीसारखे आखडले. थेंबांची बाटली मधेच येऊन पडली होती, पण आप्पासाहेबांनी हौद रिकामा केला होता. पुन्हा भरायला विहिरीत पाणीच नव्हतं.

मायलेकी तिसगावला निघाल्या त्या दिवशी सत्तारभाई मला खिशात घालून त्यांच्याकडे गेला. का नेलं कोण जाणे. छबूबाईपुढे मान खाली घालून त्यानं सगळं सांगून टाकलं. तिनं हातातलं गाठोडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "वास येतो का म्हनून इचारलंत, भाऊ. कसला येतो, ते इचारलंच न्हाई. तो वास कुजका हुता. मला वाटलं, तुमाला कळतंय."

सत्तारभाई चांगुणाच्या बाजेजवळ बसला. "पोरी, माझं चुकलं," तो म्हणाला. पोरगी समोर बैलगाडीकडे बघत राहिली. तो डावीकडे बसला होता. तो उठला, बाजेला वळसा घालून पलीकडे गेला आणि तेच पुन्हा एकदा बोलला. खिशात मला त्याचं काळीज ऐकू येत होतं.

मित्रांनो, त्याच्यावर रागावू नका. त्याचा त्या पोरीवर फार जीव होता. माझी एवढीच विनंती आहे. ज्याच्यानं तपासायचं ते हाताशी नसेल, तर काम थांबवा. आणि आपल्याला एखादी गोष्ट कळत नसेल, तर लाज सोडून वेळेवर सांगा. सत्तारभाईनं ते खरं सांगितलं, पण तोवर चांगुणाला ऐकायला एकच कान उरला होता.